मिट कोणी आणून द्यायचा

मित्रांनो, चामड्याला मन नसते. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्या बोलण्यात कुठे हळवेपणा आढळला तर त्याचे खापर माझ्यावर फुटणार नाही. बेसबॉलच्या कॅचरचा मी एक जुना हातमोजा. अमेरिकेत मला मिट म्हणतात. जे माझ्यासमोर घडले, माझ्यावर आदळले किंवा मी ठेवला होतो त्या खोलीत बोलले गेले, तेवढेच मी सांगणार आहे. जिथे मला माहीत नाही तिथे तसे म्हणेन.

तुमच्या क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाला दोन हातमोजे असतात. कॅचरला एकच मिळतो, तोही डाव्या हाताला; उजवा हात फेकण्यासाठी मोकळा ठेवावा लागतो. म्हणून मी उशीसारखा जाड आहे. पिचर नावाचा खेळाडू समोरून चेंडू फेकतो, बॅटर तो मारायला उभा असतो, आणि बॅटरच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा तो कॅचर. मैदानावर संघाचे नऊ जण असतात. त्यांतल्या आठांची तोंडे एका दिशेला असतात आणि कॅचरचे तोंड त्यांच्याकडे. हे फक्त जागेचे वर्णन आहे. त्यातून कोणताही अर्थ काढण्याची घाई करू नका. मीही बरीच वर्षे काढला नव्हता.

माझे कातडे कान्ससमधल्या एका बैलाचे. त्या बैलाविषयी मला काहीच ठाऊक नाही आणि कल्पना करून सांगणे मला पटत नाही. टेक्सासमधल्या एका लहान कारखान्यात मला कापले, आत लोकर भरली आणि एका बाईने दातओठ खाऊन माझ्या वाद्या ओढल्या. तिच्या मते मी चांगला झालो होतो, कारण तिने मला टेबलावर आपटले आणि आवाज ऐकून मान हलवली. माझ्या आयुष्यातली ती पहिली दाद. पुढे अशी दाद पुष्कळ मिळाली आणि मग एकदम बंद झाली. ते का, हेच मला सांगायचे आहे.

माझा धनी जय मेश्राम. जन्म डेट्रॉइटजवळ, घर ट्रॉय नावाच्या उपनगरात. वडील दादाराव नागपूरहून शिकून आलेले अभियंते; मोटारींचे ब्रेक किती वेळा दाबले म्हणजे निकामी होतात हे तपासण्याचे त्यांचे काम. आई शीलाताई एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव बघत. दिवाणखान्यात बुद्धाची एक लहान मूर्ती आणि बाबासाहेबांची मोठी तसबीर होती. त्यांच्या समोरच्या जेवणाच्या टेबलावर जयने मला पहिल्यांदा तेल लावले आणि लाकडी हातोडीने ठोकायला सुरुवात केली. नवा मिट फळीसारखा ताठ असतो. त्याला ठोकून, दुमडून, पोटात चेंडू बांधून ठेवून वळण लावावे लागते.

शीलाताईंनी माझ्याखाली वर्तमानपत्र पसरले आणि सांगितले, "या तेलात काय काय वाढेल ते मला विचार, मी दिवसभर तेच बघते." दादारावांनी मला उलटापालटा करून विचारले की दुसऱ्या हाताचा कुठे आहे. जयने समजावून दिल्यावर ते म्हणाले की मग हा निम्म्या किमतीत मिळायला हवा होता. घरात हसण्याचा आवाज झाला. त्या घरात तो आवाज पुष्कळ होत असे, हे पुढच्या मजकुरासाठी नोंदवून ठेवा.

रविवारी कुणा ना कुणाच्या तळघरात मराठी बौद्ध कुटुंबे वंदनेला जमत. तिथे मालिनीकाकू जयला दर हिवाळ्यात न चुकता विचारत, "बेटा, हे संपल्यावर मग काय करणार?" बेसबॉल म्हणजे जणू एखादा ताप होता आणि तो उतरायची त्या वाट बघत होत्या. इतरांची मुले डॉक्टर होत होती, कंपन्यांत लागत होती. जय मात्र खालच्या दर्जाच्या व्यावसायिक लीगमध्ये बसने गावोगाव हिंडत होता. अशा लीगच्या पायऱ्या असतात, आणि सर्वांत वरच्या पायरीवर, मोठ्या लीगमध्ये, फार थोडे पोचतात. दादारावांनी मात्र त्याला कधी अडवले नाही. त्यांचे एक ठरलेले वाक्य होते: "दार उघडं दिसलं की आत शिरायचं. परवानगी विचारत बसलो असतो तर मी अजून तालुक्याच्या शाळेच्या पायरीवरच असतो." हे वाक्य जयने इतक्या वेळा ऐकले होते की त्याला ते मराठीत, वडिलांच्या लकबीसकट म्हणता येत असे.

कामाची पहिली वर्षे चांगली गेली. चेंडू माझ्या पोटात बरोबर मध्यभागी घेतला तर बंदुकीसारखा आवाज निघतो. पिचरला तो ऐकून वाटते की आज आपला हात जोरात चालला आहे. वस्तुतः आवाजाचा चेंडूच्या वेगाशी संबंध कमी आणि झेलण्याच्या जागेशी जास्त असतो. पण जय त्यांना हे सांगत नसे. तो फक्त आवाज काढत असे. पिचर त्याच्यावर खूश असत. त्याच्या डाव्या हाताचे पहिले बोट कायम सुजलेले असे. कॅचरचे ते चिन्हच आहे.

खेळाडू विलक्षण अंधश्रद्धाळू असतात. मैदानावरची पांढरी रेघ ओलांडायची, तिच्यावर पाय द्यायचा नाही, असा त्यांचा दंडक. एक पिचर जिंकल्यापासून टोपी धूत नव्हता. पुढे तो हरला तरी टोपी तशीच होती. जय दादारावांचा मुलगा. तो मुद्दाम रेघेवर पाय देऊन चाले. मग डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या त्या खोलगट ओसरीत, आरडाओरडा होई. टॉबी हॅन्लन नावाचा दुसरा कॅचर छातीवर क्रूस काढून म्हणे, "प्रोफेसर, आज हरलो तर तुझ्यामुळे." हरले की जय सांगे की कालही हरलो होतो आणि काल मी बसमध्ये झोपलो होतो.

आता एक रीत सांगतो, कारण सगळे तिच्यावरच येऊन ठरते.

कॅचरच्या अंगावर सरंजाम फार असतो: तोंडावर जाळी, छातीवर ढाल, नडग्यांवर पॅड. फलंदाजीला जाताना तो हे सगळे उतरवतो. कधी असे होते की तो धावून बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या एका थांब्यावर, उभा असतो आणि तेवढ्यात संघाची फलंदाजीची पाळी संपते. बाकीच्यांना नुसता हातमोजा चढवायचा असतो. कॅचरला मात्र ओसरीपर्यंत पळत येऊन सगळे बांधावे लागते, आणि तोवर पिचर ताटकळतो. म्हणून कोणीतरी सहकारी त्याचा मिट आणि पॅड उचलून मैदानात त्याच्याकडे घेऊन जातो आणि पट्टे लावायला मदत करतो. असा कोणताही लेखी नियम नाही आणि त्याबद्दल कोणी आभारही मानत नाही. मिट आणताना आत हात घालायचा नाही, एवढाच शिष्टाचार. दुसऱ्याच्या हातमोज्यात हात घालणे हे दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखे समजतात.

मला बहुतेक वेळा टॉबी आणत असे. जय जखमी झाला असता तर टॉबीला खेळायला मिळाले असते, तरी तो त्याचे पट्टे नीट घट्ट आवळत असे. मला अंगठ्याच्या वादीला धरून झुलवत आणी आणि जयच्या पोटात खुपसून म्हणे, "घे तुझी उशी." तेव्हा मला यात काही विशेष वाटले नाही. ज्या गोष्टी रोज घडतात त्यांची आपण नोंद करत नाही. ही निरीक्षणातली जुनी चूक आहे.

मग १९९४ च्या उन्हाळ्यात मोठ्या लीगच्या खेळाडूंनी संप केला. मालक आणि खेळाडूंची संघटना यांचे पटेना. त्या वर्षीचा अंतिम सामनादेखील झाला नाही. हिवाळा गेला तरी संप मिटला नाही. तेव्हा मालकांनी ठरवले की वसंतातले सराव सामने दुसऱ्याच खेळाडूंना घेऊन खेळायचे, आणि गरज पडली तर पूर्ण हंगामही तसाच काढायचा. संपकऱ्यांच्या जागी खालच्या लीगमधल्यांना फोन जाऊ लागले.

जयला फोन आला तेव्हा तो ट्रॉयच्या घरी होता आणि मी टेबलावर होतो. फ्लोरिडातल्या शिबिराला ये, मोठ्या संघाचा गणवेश मिळेल, असे क्लबच्या माणसाने सांगितले. आणि जे येणार नाहीत तेही आमच्या लक्षात राहतील, असेही सांगितले. या क्लबचे नाव मी घेत नाही. नाव सांगितल्याने घडलेल्या गोष्टीत फरक पडत नाही.

जयने वडिलांना सांगितले. दादारावांनी एकच प्रश्न केला.

"कुणाच्या जागेवर?"

"जागा रिकामी आहे, बाबा. दे वॉक्ड आउट. तुम्हीच म्हणता ना, दार उघडं दिसलं की आत शिरायचं?"

दादारावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी बंद दारांबद्दल सांगत होतो, जय. हे दार कुणी तुझ्यासाठी उघडलेलं नाही. आतली माणसं बाहेर येऊन उभी आहेत, म्हणून ते उघडं दिसतंय."

"त्यांची युनियन माझी नाहीये. खालच्या लीगमधल्या लोकांसाठी त्यांनी कधी काय केलं?"

"काही नसेल केलं. माझे वडील नागपूरला कापडाच्या गिरणीत होते. त्यांच्या युनियनचे पुढारी त्यांच्या शेजारी बसून जेवत नसत. तरी संपात ते आत गेले नाहीत."

"मला परत कधी कोण बोलावणार, बाबा?" जय म्हणाला. "टेल मी. कधी?"

दादारावांनी चष्मा पुन्हा चढवला. मी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत आणि एवढेच म्हणेन की जयच्या म्हणण्यात तथ्य होते आणि तो चुकत होता. या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात. त्याने वडिलांचे वाक्य जसेच्या तसे उचलले होते, फक्त ज्या घरासाठी ते घडवले होते त्या घराला न लावता दुसऱ्याच घराला लावले होते. शीलाताईंनी त्याच्या बॅगेत चिवडा भरला. मला त्यांनी स्वतः वर्तमानपत्रात गुंडाळले, कपड्यांना तेल लागू नये म्हणून.

फ्लोरिडात ऊन छान होते. जयच्या पाठीवर मोठ्या संघाचा गणवेश होता आणि त्यावर मेश्राम हे नाव शिवलेले. पहिल्या दिवशी त्याने आरशात पाठ बघायला मान इतकी वळवली की मानेची शीर धरली. प्रेक्षक विरळ होते; काही तर फक्त शिव्या द्यायला आलेले. तो चांगला खेळला. माझा आवाज रिकाम्या बाकांवर आपटून दुप्पट मोठा परत येई.

मग न्यायालयाने आदेश दिला, संप मिटला, आणि खरा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर या सगळ्यांना सांगण्यात आले की आता घरी जा. ज्याची नोंद राहते असा एकही सामना ते खेळले नव्हते. गणवेश परत घेतले. जयला पुन्हा खालच्या लीगमध्ये, पेन्सिल्व्हेनियातल्या एका डोंगराळ गावच्या संघात पाठवले.

तिथे कोणी त्याला काही बोलले नाही. हे वाक्य शब्दशः घ्या. शिवी नाही, धक्काबुक्की नाही. तो जेवायला बसला की टेबलावरचे बाकीचे खेळाडू आपापले ताट उचलून सावकाश दुसरीकडे जात, जणू तिकडे वारा बरा येत होता. बसमध्ये त्याच्या शेजारची जागा लोक उभे राहिले तरी रिकामी राही. तो पूर्वीसारखा पांढऱ्या रेघेवर पाय देऊन चालला. कोणी ओरडले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा दिला. मग काही दिवसांनी तो रेघ ओलांडू लागला. एकट्याने विनोद करता येत नाही.

खेळताना मात्र पिचरला त्याच्याशी व्यवहार करावाच लागे. कॅचर मांड्यांच्या आड बोटांनी खूण करतो: एक बोट म्हणजे सरळ वेगवान, दोन म्हणजे वळणारा. पिचर मान हलवून होय किंवा नाही म्हणतो. त्या वर्षी माणसांशी जयचे एवढेच बोलणे होत होते, आणि त्यातही बऱ्याचदा उत्तर नाही असे येई.

मे महिन्यात एका संध्याकाळी तो दुसऱ्या बेसवर उभा असताना पाळी संपली. मी ओसरीच्या पायरीवर होतो. टॉबी माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले. मग तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला. जय बेसवर थांबला होता, हात कमरेवर, नेहमीच्या सवयीने. थोड्या वेळाने त्याला कळले आणि तो पळत आला. त्याने एकट्यानेच पट्टे बांधले. अंपायर घाई करत होता. तोवर पिचरचे सरावाचे चेंडू वेंडेल नावाच्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने उभ्याउभ्या झेलले. त्याचे गुडघे वाकत नसत. त्यानंतर असे झाले की जय थांबत नसे, लगेच धावत सुटे. पण धावायला सुरुवात करण्याआधी एकदा ओसरीकडे बघे. ते बघणे शेवटपर्यंत गेले नाही.

उन्हाळा संपता संपता टॉबीला क्लबने काढून टाकले. त्याने सगळ्यांशी हात मिळवले. जयच्या कपाटासमोर तो थांबला आणि म्हणाला, "फोन मलाही आला होता." एवढे बोलून बॅग उचलून गेला. संप मोडायला न गेल्यामुळे त्याला काढले की फटकेबाजी बरी नव्हती म्हणून, हे मला माहीत नाही. जयने मात्र आपल्यापुरता निष्कर्ष काढला असावा, कारण तो बराच वेळ मला हातात घालून बसून राहिला आणि समोर चेंडू नव्हता.

त्या हिवाळ्यात ट्रॉयच्या घरी पुन्हा तेच टेबल, तेच वर्तमानपत्र. दादारावांनी विचारले की सीझन कसा गेला. जय माझ्या शिवणींतली धूळ कोरत म्हणाला, "दे हॅव बहिष्कार्ड मी."

दादारावांचा आवाज चढला नाही. तो खाली गेला. "तो शब्द तू वापरू नकोस."

"का? व्हॉट एल्स इज इट?"

"आम्ही धम्म घेतला त्या वर्षी गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्यानं आमचं दळण बंद केलं. मी लहान होतो. डोक्यावर जोंधळ्याचं पोतं घेऊन पलीकडच्या गावी जायचो. आम्ही कुणाचं काही घेतलं नव्हतं, जय. कुणाच्या जागेवर जाऊन बसलो नव्हतो. आम्ही फक्त होतो, म्हणून ते झालं. तुझं तसं नाही. तू काहीतरी केलंस."

शीलाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "शब्द कुणाचा का असेना. पोरगा एकटा जेवतो ना?" आणि मग जयला विचारले, "नक्की काय करतात रे ते लोक?"

त्याला सांगता येईना. न करण्याचे वर्णन करणे अवघड असते. शेवटी त्याने ती बेसवरची रीत आईला समजावली. "आय डोंट वाँट देम टू लाइक मी, आई. सॉरी म्हणायला पण मी तयार आहे, पण कोणाला म्हणू? दे वोंट स्टँड स्टिल. फक्त एकदा कोणीतरी माझा मिट आणून द्यावा. वन्स. दॅट्स ऑल आय वाँट."

दादाराव उठले, कोट घातला आणि बाहेर जाऊन बर्फ उपसू लागले. फावड्याचा खरवडण्याचा आवाज बराच वेळ येत होता. त्या दिवशी बर्फ फारसा पडलेला नव्हता.

पुढचे वर्ष असेच गेले. माझ्या वाद्या एकदा तुटल्या आणि बदलल्या. संघात नवीन मुले आली, त्यांना संपाचे काही पडले नव्हते. पण जुन्यांकडे पाहून तीही गप्प राहायला शिकली. कारण ठाऊक नसतानाही माणसे एखादी वागणूक किती लवकर उचलतात, याचा मी साक्षीदार आहे. जयचा उजवा गुडघा आणि डाव्या हाताचे बोट दोन्ही दुखू लागले होते. मालिनीकाकूंचा प्रश्न बंद झाला होता, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास होत असावा.

१९९७ च्या सप्टेंबरात मोठ्या संघाचा कॅचर जखमी झाला आणि जयला वर बोलावले. या वेळी जागा खरोखरच रिकामी होती. घरी फोन करून त्याने सांगितले तेव्हा पलीकडून दादाराव काय म्हणाले ते मला ऐकू आले नाही. जय मात्र तीनदा "हो बाबा" म्हणाला.

मोठ्या संघात डेल क्रॅबट्री नावाचा वयस्कर पिचर होता. तो खेळाडूंच्या संघटनेचा त्या संघातला प्रतिनिधी. संपाच्या वेळी तो फलक घेऊन त्याच फ्लोरिडाच्या फाटकाबाहेर उभा होता, ज्याच्या आत जय खेळत होता. जय आला त्या दिवशी क्रॅबट्रीने ड्रेसिंग रूममधला रेडिओ बंद केला, सर्वांना ऐकू जाईल असे म्हटले की हा माणूस आमच्या संघटनेचा सभासद नाही आणि होणार नाही, आणि रेडिओ पुन्हा लावला. सरळपणाबद्दल मला त्याचा आदर वाटला. निदान कोणीतरी काहीतरी म्हणाले होते.

क्रॅबट्री चेंडू फार सुंदर फेकत असे. जयची पहिली खूण तो नेहमी नाकारी आणि दुसरीही. तिसरीला मान हलवी. आणि तिसरी बहुतेक वेळा पहिलीच असे. जयने तक्रार केली नाही. तो चेंडू बरोबर मध्ये घेई, माझा आवाज काढून देई, कडेला पडलेला चेंडू अलगद आत ओढून अंपायरला तो सरळ आल्यासारखा दाखवी. ही एक प्रकारची फसवणूक आहे हे मी मान्य करतो. क्रॅबट्रीला तिचा लाभ होत होता, हेही नोंदवतो.

हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात एक सामना झाला. दोन्ही संघ स्पर्धेतून केव्हाच बाद झालेले, प्रेक्षक थोडे, हवेत गारवा. जयने चेंडू दूर टोलवला आणि धावत दुसरा बेस गाठला. मोठ्या लीगमधला तो त्याचा सर्वांत लांब फटका. पुढचा बॅटर बाद झाला आणि पाळी संपली. मी ओसरीच्या पायरीवर पडलो होतो, शेजारी जाळी, ढाल आणि नडग्यांचे पॅड. जयने ओसरीकडे एकदा बघितले आणि पळायला सुरुवात केली.

तेवढ्यात मी पायरीवरून उचलला गेलो.

मला अंगठ्याच्या वादीला धरले होते; आत हात घातलेला नव्हता. धरणारा क्रॅबट्री होता. त्याच्या डाव्या हातात त्याचा स्वतःचा हातमोजा होता, उजव्या हातात मी आणि जाळी, खांद्यावर पॅड आणि ढाल. ओसरीतले बोलणे थांबले. तो नेहमीच्या चालीने, न सावकाश न घाईने, मैदानात गेला. पांढरी रेघ त्याने काळजीपूर्वक ओलांडली.

जय धावता धावता मध्येच थबकला. क्रॅबट्रीने सगळे सामान गवतावर त्याच्या पायाशी ठेवले.

"माझं मत बदललेलं नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे," जय म्हणाला.

"तू त्या फाटकातून आत गेलास."

"हो. गेलो. चुकलो."

जय वाकून पट्टे बांधू लागला. क्रॅबट्री शेजारी उभा राहून ढगांकडे बघत होता. मग त्याने खाली पाहिले.

"डाव्या पायाचा खालचा पट्टा उलटा लागलाय," तो म्हणाला, आणि आपल्या जागेकडे चालू लागला.

जयने तो पट्टा सोडून पुन्हा लावला. मग मला हातात चढवले. त्या डावातला पहिला चेंडू माझ्या पोटात आला तेव्हा आवाज झाला तो मी आयुष्यभर काढला तसाच होता. मोठा नव्हता, वेगळाही नव्हता. मी मोजमापाच्या बाबतीत खोटे बोलणार नाही. सामना आम्ही हरलो. ड्रेसिंग रूममध्ये जय नेहमीसारखा एकटा जेवला. क्रॅबट्रीने नंतर त्याच्याशी काही बोलल्याचे मी ऐकले नाही. पुढच्या वसंतात क्लबने जयला काढून टाकले आणि त्याचा खेळ संपला. आता तो फ्रीमाँट नावाच्या गावातल्या एका शाळेत मुलांना विज्ञान आणि खेळ दोन्ही शिकवतो, असे शीलाताई फोनवर कोणाला तरी सांगत होत्या.

मी ट्रॉयच्या घरात, तळघरातल्या फडताळावर आहे. तेल मिळाले नाही की चामडे आधी कडक होते, मग तडकते. माझ्या अंगठ्याजवळ एक तडा गेला आहे. त्याची तक्रार नाही, तो फक्त रसायनाचा नियम आहे. तरी तुमच्या घरी एखादे जुने चामड्याचे काही पडले असेल तर वर्षातून एकदा त्याला तेल लावा. दोन थेंब पुरतात.

आणि मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत असा कोणी असेल ज्याने खरोखरच चूक केली आहे, तर ती चूक नव्हती असे त्याला सांगू नका. ते खोटे ठरेल आणि त्यालाही ते कळेल. तुम्ही तुमचे मत सोडू नका. पण तो मैदानाच्या मध्ये एकटा उभा राहून तुमच्याकडे बघत असेल, तर त्याची वस्तू उचला आणि त्याला नेऊन द्या. क्रॅबट्रीने एका हातातले काहीही खाली न ठेवता दुसऱ्या हाताने मला नेले. माणसाला हात दोन असतात. हा उपदेश समजू नका. ते माझे निरीक्षण आहे.